दुमडलेले कोपरे

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून घरचा फोन तीनदा वाजला. मोबाइल नव्हे, बैठकीतला जुना लँडलाइन. त्यावर आता कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरींशिवाय कोणाचा फोन येत नाही, म्हणून दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तर पिपलानी वस्तीतली एक बाई. "डॉक्टर पागनीस का क्लिनिक है ना? आपका मेसेज आया है, ब्रूनो का टीका बाकी है. अरे, ब्रूनो को गए छह साल हो गए!" आवाज असा चढलेला, जणू ब्रूनोला मीच पोचवलं.

मी म्हटलं, बाई गं, ब्रूनोचं राहू दे, डॉक्टर पागनीसही गेले. दीड वर्ष झालं. मी त्यांची बायको. क्लिनिक आता कंपनीचं आहे, मी नुसती वर राहते.

तशी ती एकदम मऊ झाली. मग काय, ब्रूनोला आंबे आवडायचे, एकदा कोय गिळली, डॉक्टरसाहेबांनी रविवारचं जेवण टाकून ती काढली. वीस मिनिटं! माझा चहा गार झाला. लोकांना वेळ तरी किती असतो.

ही डायरी औषधांची एक कंपनी दर वर्षी दिगंबरच्या नावाने पाठवते. यंदाही पाठवली. आठ महिने कोरी पडली होती, टाकवेना, म्हणून आज लिहायला घेतली. वहीत त्यांना दिगंबर म्हणतेय. तोंडाने चाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार

आज पाच फोन. फोन जिवंत माणसांचे, पण जनावरं पाचही गेलेली. पाचव्या फोनला डोक्यात लख्ख उजेड पडला.

चौतीस वर्षं खालच्या काउंटरवर मी बसले. प्रत्येक जनावराचं एक पिवळं कार्ड असायचं, त्यावर नाव, लशी, मालकाचा नंबर. जनावर गेलं की दिगंबर मला 'मेला' लिहू द्यायचे नाहीत. काटही मारू द्यायचे नाहीत. समोर माणूस रडत उभा असतो, त्याच्या डोळ्यांदेखत काट कसली मारता! म्हणून मी कार्डाचा उजवीकडचा वरचा कोपरा हळूच आत दुमडायची. कार्ड परत डब्यात, आपल्या जागी. वर्षा-सहा महिन्यांनी तेच लोक नवं पिल्लू घेऊन आले की त्याचं कार्ड जुन्याच्या मागे. ही खूण आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

फेब्रुवारीत कंपनीने आमचं हे सोनागिरीचं क्लिनिक घेतलं. शहरातलं बाग सेवनियाचं आणि एम. पी. नगरातलंही त्यांनीच घेतलं. कार्डांचे चार डबे टेम्पोत घालून नेले, मशीनमधून काढून कॉम्प्युटरात भरायला. दुमडलेलं कार्ड मशीनमध्ये अडकत असणार. कोणीतरी गुणी माणसाने बसून एकेक कोपरा सरळ केला असेल, आणि झालं! मेलेली सगळी उठून बसली. ऐन पितृपंधरवड्यात त्यांना लशीची आवतणं चाललीत, आणि खाली नंबर कार्डावरचाच, आमच्या ह्या जुन्या फोनचा.

एकटीच हसले खूप दिवसांनी. खाली सांगायला हवं. उद्या सांगते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

षष्ठी. दिगंबरची तिथी. गुरुजी येऊन घाईघाईत उरकून गेले, त्यांना अजून तीन घरं होती. वडे उरलेत. आता चार दिवस तेच खायचे.

जुईचा हैदराबादहून व्हिडिओ कॉल. "आई, एकटी किती दिवस काढणारेस? माझ्याकडे ये." म्हटलं, अगं, मला वेळ कुठाय, क्लिनिकचे फोन असतात. ती म्हणे, "कसले फोन? क्लिनिक विकलं ना आपण?" मी तिला वड्यांचं सांगायला लागले.

तिथीच्या गडबडीत खाली सांगायचं राहिलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मेसेज मंगळवारी सुटतात, सकाळी अकराच्या सुमाराला. हे लक्षात आल्यामुळे सगळं आटोपून साडेदहालाच बसले. वेताची खुर्ची फोनपाशी ओढली. निळी साडी नेसले. फोनवर कोणाला दिसणार आहे, पण गाऊनवर लोकांशी बोलणं बरं नाही वाटत.

अकरा फोन! एकाचा ससा. एकाची दोन मांजरं, दोन्ही एकाच आठवड्यात गेली होती. गोविंदपुऱ्यातले सरदारजी तर आधी भांडायलाच उठले होते, पण त्यांच्या शेरूला इंजेक्शन देताना दिगंबरने त्याचे दोन्ही कान धरून "हो गया बेटा, हो गया" म्हटलेलं त्यांनी सांगितलं आणि पुढे बोलता येईना त्यांना. मलाही येईना. दोघंही नुसते फोन धरून बसलो. डोक्याला ताप आहे नुसता.

शेवटचा फोन मराठी. विश्वासराव धारप, कारखान्यातून रिटायर झालेले, मूळ नाशिकचे. "वहिनी, आमच्या चिंगीचा मेसेज येतोय." चिंगी मला आठवली, पांढरी, गावठी, एक कान पडका. तिचा कोपरा मी दुमडला त्याला पाच-सहा वर्षं झाली. विश्वासराव म्हणाले, "मेसेज सुमित्राच्या फोनवर येतो. तिचं विसरणं हल्ली फार वाढलंय. मेसेज वाचला की तिला वाटतं चिंगी आहे. दिवसभर पट्टा शोधते. तेवढा आमचा नंबर काढायला सांगाल का?"

मी म्हटलं, सांगते हो, लगेच सांगते. नाशिकचं मराठी ऐकून कान निवले. आम्ही मूळचे उज्जैनवाले, इथे येऊनही निम्मं हिंदीच बोलतो. अजून दहा मिनिटं त्यांना बोलत ठेवलं. मागून सुमित्राताई "कोणाचा फोन, कोणाचा फोन" विचारत होत्या.

खाली गेले होते सांगायला. खरंच गेले होते. खालची नवी डॉक्टर पेशंटमध्ये होती, परत आले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

डॉ. मानसी चहाला वर आली. कंपनीने खाली नेमलेली डॉक्टर ती, इंदूरची, तिशीही गाठली नाही अजून. मला काकू म्हणते. तोंड उतरलेलं होतं. पलीकडच्या वस्तीतली एक बाई शेळी घेऊन आली होती, पोट फुगलेली, तिला परत पाठवावं लागलं. कंपनीच्या यादीत शेळी 'मोठं जनावर' आहे, आणि मोठी जनावरं बघायची नाहीत. कळलं का? शेळी मोठं जनावर! दिगंबर अंगणात म्हशीच्या पोटाला कान लावून बसायचे, तेव्हा फुटपट्टी लावून नव्हते बघत.

"माझ्या हातात काहीच नाही ना काकू," मानसी म्हणाली. "ऑपरेशन सगळे एम. पी. नगरला पाठवायचे. मी इथे फक्त टीके लावते आणि वर्षाचे प्लॅन विकते. पेशंटमागे पंधरा मिनट. पण एक आहे, आपला सेंटर सेफ आहे. रेकॉर्डवर अॅक्टिव्ह पेशंट एकवीसशे आहेत, बाग सेवनियाचे नऊशेच. दोन्हींपैकी एक बंद करतील तर तो करतील. संकेत सर बोलले मला."

संकेत म्हणजे कंपनीचा इथला मॅनेजर. मी चहा ढवळत बसले. एकवीसशे! त्यातल्या निम्म्याहून जास्त कार्डांचे कोपरे ह्या हातांनी दुमडलेत. मी तोंड उघडलं तर क्लिनिकला कुलूप, आणि पोरीची नोकरी जाणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मला माझ्यासाठी काही नको, मानसीसाठीच गप्प राहायचं. एकदा ठरवलं आणि मन हलकं झालं. तिला दोन बिस्किटं जास्त खायला लावली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चौदा फोन. नवरात्र सुरू झालंय, शेजारची अनुराधा भोंडल्याला चल म्हणून दारात उभी. म्हटलं, मंगळवार मला जमायचं नाही. "असं काय आहे मंगळवारी?" म्हणाली. तिला काय सांगायचं! फोनकडे बघत बघतच तिला वाटेला लावलं.

विश्वासरावांचा परत आला. पुन्हा मेसेज गेलाय. म्हटलं, मी सांगितलंय हो, कंपनीचं काम, वेळ लागतो. बिचारे उलट माझेच आभार मानत होते. सुमित्राताईंना पट्टा सापडलाय म्हणे, उशीखाली घेऊन झोपतात.

एक लक्षात आलं. गेलेल्या जनावराबद्दल लोक किती छान बोलतात. आणि बोलता बोलता "डॉक्टरसाहेब" येतातच. आजच्या चौदातल्या अकरांच्या बोलण्यात आले.

३० सप्टेंबर, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय तर येऊ दे.

अष्टमी म्हणून खीर चढवली होती, साडेअकरा झाले असतील. दोन फोन झाले होते. जिन्यातून मानसीची हाक आली, "काकू, नीचे या जरा, लवकर." खाली बाकावर एक बाई बसलेल्या, मांडीवर लाल पट्टा. गुडघ्याला खरचटून रक्त आलेलं. एका पायात बायकी चप्पल, दुसऱ्यात पुरुषाची. हातातला फोन मानसीपुढे धरून म्हणत होत्या, "बघा ना, बोलावलंय तुम्ही. चिंगी पुढे पळाली, इथंच असेल कुठेतरी."

मी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं! "तुम्ही काउंटरवर असता ना? डॉक्टर कुठेत?" दीड वर्षात ह्या खोलीत मला कोणी ओळखलं नव्हतं. खालची पोरं मला 'ऊपरवाली आंटी' म्हणतात.

शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मानसीने गुडघा पुसून पट्टी बांधली, फोनमधून विश्वासरावांचा नंबर शोधून लावला. दहा मिनिटांत ते स्कूटरवर आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "मी दूध आणायला गेलो तेवढ्यात... हमरस्ता ओलांडून आली, वहिनी. ट्रक चालतात तिथे. एकटी." त्यांना धाप लागली होती. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत ना यांना?"

आणि मी म्हटलं, "हो. दोनदा."

मानसी दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कापसाचा डबा बंद करायला लागली.

वर आले तर खीर करपलेली आणि फोन वाजत होता. उचलला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

'चिंगी गेली.' खाली जाऊन इतकंच सांगायचं होतं. एकवीसशेमधली एक चिंगी कमी झाल्याने कुठलं क्लिनिक बंद पडणार होतं? सोळा तारखेला सांगितलं असतं, तर काल त्या घरात बसून असत्या. हे मला तेव्हा सुचलं नाही असं लिहिणार होते. सुचलं होतं.

मग का नाही सांगितलं, ते नाही कळत. मानसीसाठीच गप्प होते मी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

धारपांच्या पुण्याच्या मुलाने कंपनीला खरमरीत तक्रार लिहिली. बरोबरच केलं. आज संकेत आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. मला म्हणे, "आंटीजी, आपको तकलीफ़ हुई, सॉरी. डॉक्टर मानसी ने डेथ अपडेट नहीं की. लोकल स्टाफ़ की लापरवाही है. एक्शन होगा." मानसी भिंतीला टेकून उभी. तिने ती कार्डं उभ्या जन्मात पाहिलेली नाहीत. आणि मी काय केलं? संकेतला पाणी दिलं आणि वर निघून आले.

शेण खाल्लं मी. दिगंबर असते तर आज माझ्याशी बोलले नसते.

४ ऑक्टोबर, शनिवार

दहाला, पेशंट यायच्या आत, खाली गेले आणि मानसीला सगळं सांगितलं. कोपरे, मशीन, सगळं. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली.

"मंगळवारी तुम्ही म्हटलं, दोनदा सांगितलं. कोणाला सांगितलं, काकू?"

"कोणालाच नाही."

"का?"

"तुझी नोकरी गेली असती गं."

ती हसली, पण डोळे भरून आले होते तिचे. "काकू, तुम्ही मंगळवारी निळी साडी नेसता. मी टीके आणायला वरच्या पॅसेजमधल्या फ्रिजकडे येते ना, तेव्हा दारातून दिसता. फोनसमोर बसलेल्या." एवढं बोलून तिने डोळे पुसले. ह्यात साडीचा काय संबंध, मी विचारणार होते, पण विचारलं नाही.

तिच्यासमोरच संकेतला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "आंटीजी, पक्का? इससे सोनागिरी का नंबर बहुत गिर जाएगा. फिर मैं कुछ नहीं कर पाऊँगा." आवाज दबलेला होता त्याचा. त्यालाही वाटत असेल, म्हातारी गप्प बसली तर बरं. मी मानसीकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून.

"पक्का," मी म्हटलं. "और मानसी की कोई गलती नहीं है, ये लिखके लो."

विश्वासरावांना मात्र फोन करायचं धाडस झालं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चारही डबे परत आलेत. जेवायच्या टेबलावर सकाळी नऊपासून बसते. कोपरे सरळ केलेत खरे, पण घडी कुठे जाते? अंगठा फिरवला की लागते. लागली की नंबर कागदावर उतरवायचा. संध्याकाळी मानसी तो कागद खाली नेऊन कॉम्प्युटरात 'मृत' टाकते. तिथे 'मृत'च टाकावं लागतं, दुसरं काही टाकायची सोयच नाही.

पहिल्या दिवशी वाटलं होतं, मशीनसारखं करत जायचं. कसलं काय. प्रत्येक कार्डावर त्यांचं अक्षर. 'घाबरते, आधी खाऊ द्या.' 'मालक चिडके, कुत्रा शहाणा.' एका मांजराच्या कार्डावर नुसतंच 'राणीसरकार'. शेरू आज दुपारी आला. चिंगीचं कार्ड मी पहिल्याच दिवशी शोधून वेगळं काढलं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

संपलं. एकवीसशे चाळीसपैकी तेराशे बारा. उद्यापासून जेवायला टेबल मोकळं. मान अशी आखडलीय की वळून बघता येत नाही.

विश्वासरावांकडे जाऊन आले. रिक्षा केली, दिवाळीचा फराळ नेला. दारातच सांगून टाकलं, मी तेव्हा खोटं बोलले, कोणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी फराळाची पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "आत या." रागावले असते तर बरं झालं असतं. सुमित्राताई सोफ्यावर बसलेल्या, आज त्यांनी मला ओळखलं नाही. चकल्या मात्र आवडल्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. जुई येणार होती, तिला सुट्टी मिळाली नाही.

कंपनीचं पत्र आलं. सोनागिरी सेंटर बाग सेवनियात 'विलीन'. पंधरा नोव्हेंबरपासून. मानसीला एम. पी. नगरला घेतलंय, ठपका काढून टाकलाय, तेवढं संकेतने केलं. ती वर सांगायला आली तेव्हा मीच तिला समजावत होते, की अगं, तिथे ऑपरेशन करायला मिळेल तुला, शिकशील. ती म्हणाली, "तुम्ही काय करणार काकू?" म्हटलं, मला काय धाड भरलीय! आता निवांत. चार महिने नुसता फोन फोन चालला होता.

चार महिने नाही, दीडच महिना. आत्ता मागची पानं चाळली तेव्हा कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बोर्ड उतरवला. पेशंटांचं लोखंडी टेबल नेताना जिन्याच्या कठड्याला घासलं, पोपडे निघाले. त्या माणसांना ओरडले जरा जास्तच. मानसीने वाकून नमस्कार केला. अशी रडली की मला रडायला जागाच ठेवली नाही.

भाडेकरार मार्चपर्यंत आहे, म्हणून खोल्या कंपनीच्याच ताब्यात. खाली कुत्रं भुंकत नाही, मांजर ओरडत नाही. मी पस्तीस वर्षं म्हणत आले, दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नाहीत मेली. आज दुपारी आडवी झाले. झोप आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कार्डं संपल्यापासून पाच मंगळवार झाले. एकही फोन नाही. कर्जवाल्या पोरीही कुठे तडमडल्यात कोण जाणे. फोनच बिघडला असेल, म्हणून मोबाइलवरून घरच्या नंबरला लावून पाहिला. वाजला. चांगला खणखणीत वाजला. मी तसाच वाजू दिला थोडा वेळ.

साडीही नेसले होते. काय म्हणावं माझ्यासारखीला! सारखी मानसीची आठवण येतेय. आणि आज लिहितेच, खोटं कशाला लिहू, कोणी वाचणार नाहीये. मला ते फोन हवे होते. मानसीसाठी नाही, कोणासाठी नाही. कोणीतरी दिगंबरचं नाव काढायचं आणि मी ऐकायची. तेवढ्यासाठी मी एका बाईला ट्रकांपुढे पाठवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विश्वासराव आले. जिना चढून, धापा टाकत. मला वाटलं, पोलिसात वगैरे जाताहेत की काय. चोराच्या मनात चांदणं. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वहिनी, मेसेज बंद झाले. चांगलंच झालं. पण झालंय काय, सुमित्रा वाट बघते. मंगळवार उजाडला की पट्टा घेऊन दाराशी बसते. बोलावणं येत नाही म्हणून रडते. मी कडी लावतो, तर कडीवर डोकं आपटते. डॉक्टर म्हणाले, तिला खरं सांगत बसू नका, दर वेळी तिला ते नव्यानेच कळतं." त्यांनी टोपी दोनदा उलटीसुलटी केली. "तुम्ही दर मंगळवारी फोन कराल का? अकराला. आज लस नाही, पुढच्या मंगळवारी या, एवढंच सांगायचं. मी सांगून ऐकत नाही ती. क्लिनिकमधून सांगितलं तर ऐकेल."

मी म्हटलं, विश्वासराव, खोटं बोलून मी एकदा काय करून बसले, ते तुम्हाला माहीत आहे. आता तुम्हीच सांगताय?

"हो," ते म्हणाले. "मीच सांगतोय."

विचार करून कळवते म्हटलं. जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "ती माणसाचा आवाज ओळखते अजून."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकराला फोन केला. आज गाऊनवरच होते, साडीची शुद्ध नव्हती. पहिल्याच घंटीला सुमित्राताईंनी उचलला, जवळच बसल्या असणार.

"नमस्कार, पागनीस क्लिनिकमधून बोलतेय. चिंगीची लस आज नाही हं. पुढच्या मंगळवारी."

"आज नाही?"

"आज नाही. घरीच राहा. चिंगीलाही घरीच ठेवा."

"ती झोपलीय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम शांत. "रात्रभर भुंकत होती, आत्ता झोपलीय. उठवू का?"

"नको, झोपू दे."

मग त्या बोलायला लागल्या. चिंगी पाव खात नाही, पोळीच लागते. हे कामावर गेले की गेटपाशी बसून राहते. मी ऐकत होते. मधेच विश्वासरावांनी हळूच खाकरल्याचं ऐकू आलं, तेही ऐकत होते वाटतं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात सुमित्राताईंनी विचारलं, "आणि डॉक्टर आहेत ना?"

हे काही ठरलं नव्हतं. नुसतं 'पुढच्या मंगळवारी' एवढंच म्हणायचं होतं.

"आहेत," मी म्हटलं. "खालीच आहेत. हात धुतायत."

"असू दे, असू दे. घाई नाही म्हणावं."

फोन ठेवला आणि तशीच गाऊनवर जिना उतरून खाली गेले. दाराला कंपनीचं कुलूप आहे. ते दोनदा ओढून पाहिलं आणि वर आले.